दीडशे फुटांवरून



सातवी ते नववी अशी तीन वर्षं सर आम्हाला विज्ञान शिकवायला होते. रविवारी पहाटे ते दहा-बारा मुलामुलींना सायकलींवरून गावाबाहेरच्या तळ्यावर न्यायचे. सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच. ती हातोहात फिरत माझ्यापर्यंत येईतो पाणकावळा पंख वाळवून कधीच निघून गेलेला असायचा. सरांचा एक नियम होता. आपल्या हालचालीमुळे पक्षी उडाला, तर त्या दिवशी त्याची नोंद वहीत करायची नाही, पान कोरं ठेवायचं. आम्हाला तो फार जाचक वाटायचा. त्याचा अर्थ मला कळायला बरीच वर्षं जावी लागली, आणि तो जिथे कळला ते तळंही फार लांबचं होतं. सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं, तेव्हा विषयासाठी मला शोधाशोध करावी लागली नाही.

आजचा पक्षी आहे लून. तो आपल्याकडच्या तळ्यांवर येत नाही, त्यामुळे त्याला रूढ मराठी नाव नाही. पण त्याचा आवाज तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेला आहे. इंग्रजी सिनेमात रात्र असते, धुकं असतं, काहीतरी अघटित घडणार असतं आणि लांबून एक हाक येते, सुरुवातीला खाली, मग एकदम वर चढणारी, लांडग्याच्या आणि बाईच्या आवाजाच्या मधली. तो लून. सिनेमावाल्यांना हा आवाज इतका आवडतो की लून जिथे जन्मात फिरकणार नाही अशा उष्ण जंगलातही त्यांनी तो घातला आहे. खरा लून विणीच्या काळात राहतो तो अलास्का, कॅनडा, अमेरिकेची उत्तर सरहद्द, ग्रीनलंड आणि आइसलँड इथल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर.

मी सत्तावीस वर्षं मिनेसोटा राज्यात राहते. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली. दहा एकरांपेक्षा मोठी अशी ११,८४२ तळी या एका राज्यात आहेत. नोव्हेंबरात ती गोठतात आणि उत्तरेकडची काही मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोठलेलीच असतात. मग एका दुपारी बर्फ काळपट पडतो, वारा सुटतो, काठाला बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासून किणकिणत राहतात, आणि पाण्याची जेमतेम पट्टी मोकळी झाली की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, लून हजर. हे लून हिवाळा काढतात समुद्रावर. मिनेसोटातले बरेचसे मेक्सिकोच्या आखातात. तिकडून निघून ते नेमके आपल्याच तळ्यावर उतरतात. बहुधा नर आधी येतो.

दिसायला कसा? आपल्या बदकापेक्षा बराच मोठा, चार-साडेचार किलोचा. डोकं काळं, ऊन पडलं की हिरवी झाक मारणारं. चोच सरळ, टोकदार, काळी. गळ्यात पांढऱ्या उभ्या रेघांची माळ. पाठीवर काळ्यावर पांढरे चौकोन, इतके रेखीव की कुणी पट आखून बसलं होतं असं वाटावं. आणि डोळा लाल, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. हा सगळा साज उन्हाळ्याचा. हिवाळ्यात समुद्रावर तोच पक्षी राखाडी होतो आणि डोळाही लाल राहत नाही.

पाण्यात बुडी मारून मासे धरणं हाच त्याचा उद्योग, आणि अंगाची सगळी घडण त्यासाठीच झालेली. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात. लूनची बरीचशी हाडं भरीव, म्हणून तो पाण्यात सहज बुडतो. पाय धडाच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणून पाण्याखाली तो फार वेगानं जातो. पण त्याच पायांमुळे जमिनीवर तो धड उभा राहू शकत नाही, छातीवर घसटत जातो. उडायचं तर पाण्यावर पाय आपटत दूरवर धावावं लागतं, कधी तीस मीटर, कधी शे-दोनशे मीटर. पावसाळी रात्री ओला डांबरी रस्ता वरून पाण्यासारखा चमकतो. एखादा लून फसून त्यावर उतरतो आणि मग त्याला उठताच येत नाही. कुणीतरी चादर टाकून, उचलून तळ्यावर नेऊन सोडावं लागतं.

तुम्हाला वाटेल, ही तर आपली टिबुकली. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. बुडी तशीच, पाय तसेच मागे, आणि दोघांचीही पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून हिंडतात. पण हे साम्य नात्यातलं नाही. टिबुकलीचे जवळचे आप्त म्हणजे रोहित पक्षी, आणि लूनचं नातं पेंग्विनांच्या बाजूचं. दोघांना पाण्यानं एकाच साच्यात ओतलं. आपल्या गावच्या तळ्यावर जूनजुलैत टिबुकलीच्या पंखांतून डोकावणारं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू ज्यानं पाहिलंय, त्याला लूनच्या पाठीवरचं काळं मऊ पिल्लू कसं दिसतं ते मी वेगळं सांगायला नको.

आता माझी चूक सांगते.

मिनेसोटातल्या माझ्या पहिल्याच जूनमध्ये आम्ही तिथल्या ईली गावाजवळच्या एका तळ्यावर होडी घेऊन गेलो होतो. पाणी काचेसारखं. एका लहानशा बेटाच्या काठाला, गवताच्या ओल्या ढिगावर, काळी-पांढरी काहीतरी वस्तू आडवी पडलेली दिसली. दुर्बिणीतून पाहिलं तर लून. मान लांब करून घरट्याच्या कडेवरून पाण्याकडे टाकलेली, चोच पाण्याला टेकलेली, हालचाल नाही. मला वाटलं, जखमी आहे. मी वल्हं मारत जवळ गेले. वीसेक फुटांवर असताना तो पाण्यात सरकला. उडी मारली नाही, आवाज केला नाही, तेल ओघळावं तसा गेला. घरट्यात दोन अंडी होती, मळकट हिरवी-तपकिरी, काळे ठिपके असलेली, कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीनं तरी मोठी. मी कॅमेरा काढला. तेवढ्यात होडीच्या पलीकडे पाणी फुटलं. लून उभा, पाण्यावर अक्षरशः उभा, छाती पांढरी, पंख अंगाशी आणि पाय दोन्ही बाजूंनी पाणी उडवताहेत. त्याबरोबर ते कापरं हसू, ज्याला लोक वेड्याचं हसणं म्हणतात. मी फोटो काढत राहिले. मला तो आनंदाचा नाच वाटला.

संध्याकाळी शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी ते फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि एकेका फोटोवर बोट ठेवून सांगितलं. मान टाकून पडणं म्हणजे घरट्यावरच्या लूनची भीती, ती दिसली की तिथूनच मागे फिरायचं. उभं राहणं म्हणजे भीतीची शेवटची पायरी. जितका वेळ तो घरट्याबाहेर, तितका वेळ अंडी उन्हात, आणि वर गरुड, डोमकावळे, काठावर रॅकून टपलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही लांबून दुर्बीण लावली तर घरटं रिकामं होतं. रात्री कोणी आलं असेल, कदाचित माझा त्याच्याशी संबंध नसेलही. त्या दिवशीचं माझ्या वहीतलं पान कोरं आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात १९७५ पासून लूनच्या रक्षणाचं काम करणारी एक समिती आहे. ती लोकांना सांगते की घरट्यावरच्या लूनपासून निदान दीडशे फूट लांब राहा. दीडशे फूट म्हणजे हे व्यासपीठ ते मंडपाचं मागचं टोक, साधारण तेवढं.

या अंतरावरून काय दिसतं, असं तुम्ही विचाराल. खरं तर सगळं दिसतं, फक्त बसायची तयारी हवी.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज कळू लागतात. ते चार आहेत. एक अगदी हळू, घरातल्या घरात बोलल्यासारखा हुंकार, नर-मादी आणि पिल्लांमधला. तो जवळच्यांनाच ऐकू येतो, आणि मला चारही आवाजांत हाच सगळ्यात आवडतो. दुसरी ती लांब हाक, सिनेमातली. तिच्यात दुःख काही नाही. कुठे आहेस, एवढंच ती विचारते, आणि दुसऱ्या तळ्यावरून उत्तर येतं. तिसरं कापरं हसू म्हणजे धोक्याची सूचना, आणि उडताना लून फक्त हाच आवाज काढतो. चौथा आवाज केवळ नराचा, हद्दीचा. तो मान पाण्यालगत सपाट करून पुन्हा पुन्हा उसळणारी ललकारी देतो. प्रत्येक नराची ललकारी वेगळी. जो नर अधिक वजनदार, त्याचा स्वर खालचा, म्हणजे ऐकणाऱ्याला अंधारातही समोरच्याचं बळ समजतं. चार्ल्स वॉलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. नरानं तळं बदललं की तो आपली ललकारी बदलतो, आणि ती अशी बदलतो की त्या तळ्यावरच्या आधीच्या नराच्या ललकारीपेक्षा ती वेगळी ठरावी.

म्हणजे लूनची ओळखच तळ्याशी बांधलेली आहे. लोकांना वाटतं, लून जन्मभर एकाच जोडीदाराशी राहतो. त्याच्या चित्रांचे पेले आणि उशांचे अभ्रे याच समजुतीवर विकले जातात. वॉल्टर पायपर नावाचे शास्त्रज्ञ १९९३ पासून विस्कॉन्सिनमधल्या लूनच्या पायांत रंगीत कडी घालून एकेक पक्षी ओळखताहेत. त्यांना दिसलं ते असं की लून दरवर्षी परततो तो तळ्याकडे. जोडीदारही तिथेच परततो, म्हणून जोडी टिकते. तरणा नर येऊन जुन्याला हुसकून देतो, तेव्हा मादी बहुतेकदा तळं सोडत नाही, जिंकणाऱ्याबरोबर राहते. ही हुसकावणी साधी नसते. एकमेकांची मान चोचीत धरून, पंखांनी झोडपत, बुडवत चालते. नरांच्या अशा लढायांपैकी काही हिशेबांनी तीनातली एक कुणातरी एकाच्या मरणानं संपते.

हे ऐकून माझ्या ओळखीच्या एक बाई फार खट्टू झाल्या होत्या. मला मात्र यात उणं काही वाटत नाही. आपल्याकडे सात-बारा, बांध, गावठाण यांवरून पिढ्यान्‌पिढ्या काय काय झालं ते ठाऊक असलेल्या माणसाला जागेची ही ओढ कळायला हवी. आणि टिकणाऱ्या जोड्या टिकतातही. मिशिगनमधल्या सेनी अभयारण्यात १९८७ मध्ये एका पिल्लाच्या पायात कडी घातली गेली. त्याला एबीजे म्हणतात. त्याची आणि फी नावाच्या मादीची जोडी १९९७ पासून पंचवीस वर्षं टिकली. दोघांनी बत्तीस पिल्लं वाढवली. २०२२ च्या वसंतात दोघं परतले, पण एकत्र आले नाहीत. ही बातमी तिथल्या वर्तमानपत्रांनी छापली आणि लोक घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसे हळहळले. पंचवीस वर्षं हे दोन पक्षी वेगळे ओळखू येत राहिले ते केवळ पायातल्या कड्यांमुळे आणि दरवर्षी ती वाचायला जाणाऱ्यांमुळे, हे मला त्या बातमीत जास्त मोलाचं वाटलं.

लूनचं आणि माणसाचं तिथलं नातं या पेल्यांपेक्षा पुष्कळ जुनं आहे. ओजिब्वे हे त्या तळ्यांचे मूळ रहिवासी. त्यांच्यात कुळं असतात आणि प्रत्येक कुळाचा एक प्राणी वा पक्षी. आपल्या देवकाची आठवण यावी अशीच रीत आहे, आणि इंग्रजीतला टोटेम हा शब्दही ओजिब्वेंच्याच भाषेतून आलेला. त्यांच्यात क्रौंच आणि लून ही नेतृत्वाची कुळं. टोरांटोतल्या आपल्या मराठी मंडळींच्या खिशातही लून आहे. १९८६ मध्ये कॅनडाच्या नव्या डॉलर-नाण्याचे ठसे ओटावाहून विनिपेगला जाताना वाटेत हरवले. खोटी नाणी निघू नयेत म्हणून नक्षी बदलली आणि १९८७ मध्ये लूनचं नाणं आलं. लोक त्याला लूनी म्हणतात. मिनेसोटानं तर १९६१ मध्येच लूनला राज्यपक्षी केलं.

आता माझ्या कामाच्या विषयाकडे येते. हे थोडं सावकाश सांगणार आहे.

गळाला वजन हवं म्हणून मासेमारीची दोरी शिशाच्या गोळीनं खाली नेतात. आपल्याकडे पागाच्या कडेलाही शिसंच असतं. दोरी खडकात अडकते, तुटते, गोळी तळाशी पडते. लून दातांच्या ऐवजी पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत खडे ठेवतो आणि त्यांवर माशांची हाडं दळतो. तळाचे खडे वेचताना तो ती गोळी गिळतो. कधी तुटक्या दोरीसकट गळ तोंडात असलेला मासा गिळतो आणि गोळी आपसूक जाते. एकदा मी अशा लूनचं क्ष-किरण चित्र पाहिलं. पिशवीतले खडे राखाडी, धूसर, एकमेकांत मिसळलेले. त्यांच्या मधोमध एक ठिपका, पांढराशुभ्र, कडा कापून काढल्यासारखी स्पष्ट. मटारच्या दाण्याएवढा. पोटातलं आम्ल आणि ते दळण मिळून शिसं विरघळवतात, ते रक्तात जातं, नसांवर बसतं. पक्षी काठाला येऊन बसतो, मान धरता येत नाही, पिल्लांना भरवता येत नाही. दोन ते चार आठवड्यांत संपतो. त्याला एक गोळी पुरते. न्यू इंग्लंडमध्ये मेलेल्या प्रौढ लूनची तपासणी वर्षानुवर्षं झाली, आणि मृत्यूच्या कारणांत शिसं सतत वरच्या ओळीत आलं.

न्यू हॅम्पशायरमध्ये याविरुद्धचा पहिला कायदा २००० साली लागू झाला. त्यात पळवाटा राहिल्या, म्हणून २०१६ मध्ये तो कडक केला. मी पाण्याचे नमुने तपासत असे आणि मला एक गोष्ट नेहमी खटकायची. या गोळीमुळे तळ्याच्या पाण्यात शिसं जवळजवळ दिसतच नाही. नमुना स्वच्छ येतो, आणि त्याच तळ्यावर पक्षी मरतो. प्रयोगशाळेतला आकडा खोटा नव्हता, पण तळ्याबद्दल तो काही सांगत नव्हता. कथिलाची, टंगस्टनची, पोलादाची गोळी दुकानात मिळते. थोडी महाग पडते, एवढंच. आमच्या त्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वडिलांपासून आलेला शिशाच्या गोळ्यांचा डबा एका शनिवारी गोळा करायला आलेल्यांच्या हाती दिला. देताना झाकण उघडून एकदा आत पाहिलं. माणसाला वस्तू सोडणं किती जड जातं ते मला त्या वेळी दिसलं.

पाऱ्याची गोष्ट उलटी. ती कुणा एका कोळ्याच्या डब्यात नाही. कोळसा जळतो, धुरातून पारा शेकडो मैल जातो, पावसाबरोबर तळ्यात उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं विषारी रूप बनवतात, ते सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत, मोठ्या माशांत, आणि दर पायरीला साठत साठत लूनमध्ये. अशा लूनची अंड्यांवर बसण्याची चिकाटी कमी होते, पिल्लं कमी निघतात. आणि अलीकडे पायपर यांना आणखी एक चिंता लागली आहे. जुलैत पाऊस जास्त झाला की काठावरची घाण आणि खत वाहून पाणी गढूळ होतं. लून डोळ्यांनी शिकार करतो. पाणी गढूळ झालं की पिल्लांच्या वाट्याचा घास कमी होतो. चार जणांचं कुटुंब, दोन मोठे आणि दोन पिल्लं, एका उन्हाळ्यात अंदाजे अर्धा टन मासे खातं. एवढं सगळं तळ्यात आधी दिसावं लागतं.

पण या विषयात माझ्यासारखीला हुरूप देणारंही पुष्कळ आहे. मॅसॅच्युसेट्समधून लून एकोणिसाव्या शतकात संपले होते. १९७५ मध्ये क्वाबिन जलाशयावर एक जोडी घरटं करताना सापडली. व्हर्मांटमध्ये १९८३ साली अवघ्या सात जोड्या उरल्या होत्या. २००५ मध्ये तिथे लून संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, आता शंभराहून अधिक जोड्या आहेत. यामागची युक्ती अगदी साधी. धरणाचं पाणी वरखाली झालं की काठालगतचं घरटं बुडतं किंवा कोरडं पडतं. लोकांनी देवदार जातीच्या ओंडक्यांचे तराफे बांधले, वर माती आणि गवत घातलं, नांगर टाकून ठेवले. पाणी चढलं की तराफाही चढतो. बाजूला पाट्या लावल्या, आणि उन्हाळाभर कुणी ना कुणी लांबून नजर ठेवली.

मेन राज्यात १९८३ पासून लूनची वार्षिक मोजणी होते. जुलैचा तिसरा शनिवार, सकाळी सात ते साडेसात. बरोबर त्या अर्ध्या तासात हजाराहून अधिक माणसं आपापल्या तळ्यावर असतात. निवृत्त शिक्षक, दुकानदार, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या. सगळे एकाच वेळी मोजतात, म्हणजे एका तळ्यावरून दुसऱ्यावर उडालेला पक्षी दोनदा धरला जात नाही. किती मोठे, किती पिल्लं, एवढंच लिहायचं. लून दिसला नाही तर शून्य लिहायचं, आणि ते शून्यही तितकंच कामाचं. मी एका वर्षी मैत्रिणीबरोबर त्या मोजणीला गेले होते. धुकं इतकं की काठ दिसेना. सात वाजून बावीस मिनिटांनी धुक्यातून हुंकार ऐकू आला, तो जवळचा, घरातला. आम्ही दोघींनी श्वास धरला. मग दोन काळे आकार, आणि एकाच्या पाठीवर एक उंचवटा. मैत्रिणीनं पेन्सिलीनं लिहिलं, मोठे दोन, पिल्लू एक. त्या वेळी मला सर फार आठवले.

सप्टेंबरात मोठे लून आधी निघून जातात. पिल्लं मागे राहतात, तोवर अकरा-बारा आठवड्यांची होऊन उडायला शिकलेली. आईबाप गेलेत, वाट कुणी दाखवलेली नाही, समुद्र कधी पाहिलेला नाही. ती आपली आपण तळ्यावर धावण्याचा सराव करतात, राखाडी, बिनमाळेची. मग ऑक्टोबरात किंवा बर्फ धरायच्या बेताला एके सकाळी तळं रिकामं असतं. समुद्रावर ती दोन-तीन वर्षं काढतात, एकदाही न परतता. मग एका मेमध्ये लाल डोळा आणि गळ्यात माळ घेऊन जन्मतळ्याच्या आसपास पुन्हा दिसतात. स्वतःचं तळं मिळवायला आणखी तेवढाच काळ जातो.

मी मघाशी म्हणाले की हा आवाज तुम्ही सिनेमात ऐकलाय. माझ्याकडे ऑगस्टमधल्या एका रात्रीचं ध्वनिमुद्रण आहे, आमच्या ओसरीवर बसून केलेलं, चार मिनिटांचं. संयोजकांनी मंडपातले पंखे बंद करण्याचं मान्य केलं आहे, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. सुरुवातीला डासांची गुणगुण येईल आणि एकदा लाकडी खुर्ची करकरेल. पहिली हाक आमच्या तळ्यावरची आहे, ती मोठी आहे, चुकणार नाही. उत्तर टेकडीपलीकडच्या तळ्यावरून येतं, साधारण बारा सेकंदांनी, आणि ते फार हळू आहे.